कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांमध्ये आधी काय मागावे? कोकणातून एक प्रश्न

सुरंगी (निवृत्त परिचारिका, राजापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. ग्रामीण रुग्णालयात एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आम्ही काही निवृत्त आरोग्य कर्मचारी मिळून जिल्हा नियोजनासाठी एक निवेदन तयार करत आहोत आणि त्यातला कान-नाक-घशाचा भाग माझ्याकडे आला आहे. सगळेच मागितले तर काहीच मिळत नाही, हे आम्ही नोकरीत पुरते शिकलो आहोत. म्हणून फक्त तीन मागण्या लिहायच्या असे ठरले आहे.

त्यासाठी मी जगात हे प्राधान्यक्रम कसे ठरवतात ते वाचू लागले. 2015 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने दाखवून दिले की जगातल्या 500 कोटी लोकांना सुरक्षित, परवडणारी आणि वेळेवर शस्त्रक्रिया मिळत नाही, आणि ही उणीव भरून काढायची तर दरवर्षी 14 कोटी 30 लाख जास्तीच्या शस्त्रक्रिया व्हायला हव्यात. रुग्णालयाची कुवत ओळखण्यासाठी त्यांनी तीन शस्त्रक्रिया खुणेच्या म्हणून निवडल्या: सिझेरियन, पोट उघडून करायची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या अस्थिभंगावरचे उपचार. त्या तिन्हींत कान, नाक किंवा घसा कुठेच नाही.

माझ्यासमोर दोन चित्रे आहेत. एका गणपतीच्या दिवसांत दोन वर्षांचे मूल आमच्याकडे आणले, खेळता खेळता त्याने चिंचोका तोंडात घातला होता. छातीच्या एका बाजूला श्वास जातच नव्हता. आम्ही ऑक्सिजन लावून पुढे पाठवले, तिथे भूलतज्ज्ञ नव्हते म्हणून त्यांनी आणखी पुढे पाठवले, अणुस्कुरा घाटात दरड आलेली होती म्हणून गाडी वळसा घालून गेली, आणि तो चिंचोका निघेपर्यंत अकरा तास उलटले होते. मूल वाचले, पण आईच्या मांडीवर ते प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढत होते, ते दृश्य मी विसरू शकत नाही. दुसरे चित्र रोजचे आहे: कानात कापसाचा बोळा घातलेली, जवळ घेतले की पुवाचा वास येणारी शाळकरी मुले. ती मरत नाहीत, म्हणून ती कुणाच्या यादीत नाहीत. या दोघांपैकी आधी कोण, आणि ते कोणत्या निकषावर ठरवायचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

करूळघाट (कान-नाक-घसा शल्यचिकित्सक, सिंधुदुर्ग) यांचे उत्तर

सुरंगीताई, तुमचा प्रश्न जागतिक पातळीवर काम करणाऱ्यांनाही याच शब्दांत पडलेला आहे. आमच्या शाखेतले प्राधान्यक्रम ठरवताना अनेकदा डेल्फी नावाची पद्धत वापरतात: निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांना प्रश्नावली पाठवायची, उत्तरे एकत्र करून पुन्हा त्यांच्याकडेच पाठवायची, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर ज्यावर बहुतेकांचे एकमत होईल ते यादीत घ्यायचे. पद्धत चांगली आहे, परंतु तिच्यातून काय निघते हे कुणाला विचारले यावर अवलंबून असते. मोठ्या शहरातल्या शिक्षण रुग्णालयात बसलेल्या प्राध्यापकाला दुर्बिणीतून होणारी सायनसची शस्त्रक्रिया महत्त्वाची वाटणे स्वाभाविक आहे. तुमच्या रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या परिचारिकेला कुणी विचारलेच नाही, तर चिंचोका यादीत खाली जातो.

निकष म्हणाल तर गेली तीस वर्षे आजाराचे ओझे मोजायला अकाली मृत्यूने गेलेली वर्षे आणि अपंगत्वात काढलेली वर्षे यांची बेरीज वापरली जाते. जागतिक बँकेच्या 1993च्या अहवालापासून ही मोजणी रूढ झाली. तिच्यात ऐकू न येण्याला जागा आहे, आणि ती लहानही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या श्रवणविषयक अहवालानुसार जगात 150 कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक श्रवणदोष आहे आणि त्यांतल्या 43 कोटी लोकांना उपचार किंवा पुनर्वसनाची गरज आहे. त्या 43 कोटींपैकी जवळजवळ 80 टक्के लोक कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. असे असूनही ज्या वर्षी लॅन्सेटचा अहवाल आला, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अत्यावश्यक शस्त्रक्रियांच्या 44 नावांच्या जागतिक यादीत मोतीबिंदू आहे, दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे, दात काढणे आहे, जखमी माणसाचा श्वासमार्ग गळ्यातून मोकळा करणेही आहे; वाहत्या कानाची शस्त्रक्रिया मात्र नाही. आपल्याकडेही अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला आणि बहिरेपणाचा 2006-07मध्ये. मधल्या तीस वर्षांत कोकणातल्या गावोगाव मोतीबिंदूची शिबिरे झाली, म्हणून आज आजीला डोळ्याचे ऑपरेशन करून घ्यायला समजवावे लागत नाही. कानाबाबत ती सवय अजून लागलेली नाही.

आता तुमच्या दोन मुलांविषयी. त्यांना एकमेकांसमोर उभे करणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यांच्या गरजेचा काळ वेगळा आहे. अडकलेल्या श्वासाला मिनिटे आणि तास मोजावे लागतात. वाहत्या कानाला महिने मिळतात, पण वर्षे मिळत नाहीत. म्हणून मी प्राधान्य शस्त्रक्रियेच्या नावाने न ठरवता असे ठरवीन: जे दोन तासांत व्हायलाच हवे ते प्रत्येक जिल्ह्यात, जे काही महिन्यांत व्हायला हवे ते ठरलेल्या दिवशी उपजिल्हा रुग्णालयात, आणि जे वर्षातून मोजक्यांनाच लागते ते मुंबई, कोल्हापूर किंवा गोव्यातील बांबोळी येथे, पण तिथे पोहोचण्याच्या पक्क्या व्यवस्थेसह. दोन तासांची मर्यादा त्या आयोगानेच घालून दिलेली आहे. आपल्या घाटांना आणि पावसाळ्याला ती आयोगाच्या कल्पनेपेक्षा अधिक कडक लागू पडते.

पहिल्या गटात माझ्या मते चार गोष्टी येतात. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवणे, श्वासनलिकेतली आणि अन्ननलिकेतली अडकलेली वस्तू काढणे, न थांबणारा घोळणा थांबवणे, आणि गळ्यात खोलवर झालेला पू काढणे. अन्ननलिकेविषयी एक गोष्ट इथे आवर्जून लिहितो. माशाचा काटा अडकला की लोक लगेच येतात, कारण टोचते. खेळण्यातली बटणासारखी चपटी बॅटरी गिळलेले मूल मात्र कधी कधी फक्त जेवत नाही, लाळ गाळते आणि घरचे दुसऱ्या दिवसाची वाट पाहतात. ती बॅटरी अन्ननलिकेत अडकली असेल तर दोन तासांत आतले अस्तर जळू लागते. क्ष-किरण चित्रात ती नाण्यासारखी दिसते, पण तिच्या कडेला दुहेरी वर्तुळ असते. हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या क्ष-किरण तंत्रज्ञाला माहीत असावे, एवढीच माझी इच्छा आहे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

वाहत्या कानांत दोन प्रकार असतात आणि शस्त्रक्रियेचा क्रम लावताना तो फरक कळीचा आहे. एकात पडद्याला मध्यभागी भोक असते, सर्दी झाली की कान वाहतो आणि औषधाने कोरडा होतो. हा मुख्यतः ऐकण्याचा प्रश्न आहे आणि स्नायूवरचे पातळ आवरण घेऊन पडदा बसवला की बहुतेकांचा सुटतो. दुसऱ्यात पडद्याच्या वरच्या भागातून कातडी आत वाढत जाते, हाड कुरतडते, स्राव थोडा पण अतिशय दुर्गंधीचा असतो, आणि तो आजार चेहऱ्याच्या नसेपर्यंत, कधी मेंदूपर्यंत जातो. तुम्ही लिहिलेला वास या दुसऱ्या प्रकाराचा असू शकतो. असे मूल वाहत्या कानांच्या रांगेत सर्वांत पुढे हवे.

ओहोटी (भूलतज्ज्ञ, चिपळूण) यांचे उत्तर

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मला पटते, परंतु त्यांच्या पहिल्या गटातली एकही शस्त्रक्रिया केवळ शल्यचिकित्सकाच्या बळावर उभी राहत नाही, हे निवेदनात स्पष्ट यायला हवे. पोटाच्या शस्त्रक्रियेत श्वासाची नळी माझ्या ताब्यात असते आणि शल्यचिकित्सक खाली काम करतात. दोन वर्षांच्या मुलाच्या श्वासनलिकेतून चिंचोका काढताना दोघांनाही एकाच बोटाएवढ्या वाटेतून जायचे असते. दुर्बीण आत असताना मूल श्वास घेत राहिले पाहिजे, खोकता कामा नये, आणि वस्तू निसटून दुसऱ्या बाजूला गेली तर काही सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. असे काम वर्षातून एकदा करणाऱ्या चमूने ते रात्री दोन वाजता एकट्याने करावे, अशी अपेक्षा ठेवणे मुलावर अन्याय करणारे आहे.

म्हणून मी डॉक्टरांशी एका बाबतीत असहमत आहे. वस्तू काढण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात हवी, हे ऐकायला रास्त वाटते. पण मुलांच्या भुलेचा सराव असलेली माणसे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून निदान एका-दोन ठिकाणी चोवीस तास खात्रीने असावीत आणि इतरांनी मुलाला तिथपर्यंत सुखरूप पोहोचवावे, हे मला अधिक शक्य आणि अधिक सुरक्षित वाटते. गळ्यात नळी बसवणे मात्र सगळीकडे हवेच. ज्यांनी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काम केले त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आयोगाने 2030पर्यंत दर लाख लोकसंख्येमागे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ मिळून 20 असावेत, असे उद्दिष्ट ठेवले होते. सुरंगीताई, निवेदनात यंत्रे मागण्याआधी पदे मागा. पडदा बसवण्याचे ऑपरेशन मोठ्या माणसात जागा बधिर करूनही करता येते, त्यासाठी माझी वाट पाहत रांग वाढवू नये. लहान मुलांना मात्र पूर्ण भूल लागते आणि वाहते कान मुख्यतः मुलांचे आहेत, म्हणून शेवटी गाडी पुन्हा भूलतज्ज्ञापाशीच येऊन थांबते.

चौथीचा वर्ग (कर्णबधिर मुलांच्या शाळेतील शिक्षिका, रत्नागिरी) यांचे उत्तर

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, तरी लिहिते आहे, कारण यादीत मागे राहिलेली मुले शेवटी माझ्या वर्गात येतात.

माझ्याकडे गेल्या वर्षी सात वर्षांचा मुलगा आला. तो जन्मापासून ऐकू शकत नव्हता आणि घरच्यांना ते तिसऱ्या वर्षी कळले, कारण दार आपटले की तो वळून पाहत असे. नंतर लक्षात आले की तो जमिनीचा हादरा ओळखत होता. त्याला श्रवणयंत्र मिळाले सहाव्या वर्षी. आता त्याला आवाज येतो, पण आवाजातून शब्द वेगळा काढता येत नाही. मी फळ्याजवळ ‘पाणी’ म्हणते आणि तो माझ्या ओठांकडे पाहून तांब्याचे चित्र दाखवतो. पाठ वळवून ‘पाणी’ म्हटले की तो शांत बसून राहतो.

कानाच्या आत यंत्र बसवण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे कॉक्लिअर इम्प्लांट, हीच सर्वांत मोठी मागणी असावी असे पालकांना वाटते आणि त्यांचे मन मी समजू शकते. दिव्यांगांना सहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून ती काही मुलांना मिळतेही. परंतु शस्त्रक्रिया झाल्यावर ते यंत्र वारंवार जुळवून घ्यावे लागते, वर्षानुवर्षे बोलण्याचा सराव करून घ्यावा लागतो, आणि मंडणगडच्या आतल्या वाडीतून आईने दर आठवड्याला मुंबईला जावे हे घडत नाही. माझ्या ओळखीच्या दोन घरांत यंत्र डोक्याच्या आत आहे आणि बाहेरचा भाग बिघडून कपाटात पडून आहे. यात दोष आईबापांचा नाही.

म्हणून माझी मागणी लहान आहे. प्रसूती होणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात बाळाचे कान तपासण्याचे यंत्र हवे. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपाय, हा क्रम जगभर मान्य झालेला आहे. लहानपणीच्या श्रवणदोषांपैकी सुमारे 60 टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत गोवर, रुबेला, मेंदुज्वर आणि वाहते कान येतात. 2018च्या अखेरीस राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली तेव्हा आमच्या शाळेत आम्ही ती लस अक्षरशः सणासारखी साजरी केली. शस्त्रक्रियेच्या प्राधान्यांची चर्चा करताना जी शस्त्रक्रिया करावीच लागणार नाही तिचाही विचार व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पडाव (आशा गटप्रवर्तक, गुहागर किनारा) यांचे उत्तर

तुम्हा सर्वांचे वाचून खूप शिकायला मिळाले, पण तोंडाच्या कर्करोगाचे नाव अजून कुणीच घेतले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. आमच्या भागात पुरुष होडीवर तंबाखू चघळतात आणि बायका सकाळी चुलीजवळ बसून मशेरी लावतात. मशेरीला कुणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणेच मानले जाते. माझ्या सख्ख्या मावशीच्या जिभेच्या कडेला न दुखणारी जखम झाली. दात लागतो म्हणून तिने दात काढून घेतला, मग एका दवाखान्यात पाच महिने जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि मलम चालले. तिथे कुणी एकदाही जिभेचा तुकडा तपासायला पाठवला नाही. मुंबईला नेली तेव्हा मानेत गाठ आली होती. अर्धी जीभ काढली, जबड्याचे हाड काढले, आणि ती दीड वर्षाने गेली. शेवटचे चार महिने ती पाटीवर लिहून बोलायची.

आता मी घरोघरी जाते तेव्हा उजेडासाठी हातातली बॅटरी सोबत ठेवते. ‘काकी, जरा तोंड उघडा बघू’ म्हटले की आधी त्या लाजतात, पदर तोंडावर घेतात. मग सासू दाखवते, सासूमागून सून दाखवते. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, आणि आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर ती आवळलेली गालफडे, एवढे तीनच मी पाहते. डॉक्टरसाहेब, याचा खरोखर काही उपयोग होतो का, की मी फक्त माझ्या मनाचे समाधान करते आहे, हे मला तुमच्याकडून स्पष्ट ऐकायचे आहे.

करूळघाट यांचे उत्तर

ताई, उपयोग होतो, आणि त्याचा पुरावा आपल्याच किनाऱ्यावर, खाली केरळात मिळालेला आहे. तिरुअनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन, तुम्ही करता तसेच, तोंड उघडून पाहिले, आणि 2005 साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. भारतातल्या पुरुषांमध्ये हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. 2016-17च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले.

तुमच्या मावशीच्या मानेतल्या गाठीविषयी वाचून मन खिन्न झाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर अभ्यास केला: तोंडातला कर्करोग लहान असतानाच मानेतल्या ग्रंथीही काढाव्यात, की गाठ आली तरच काढाव्यात? 2015 साली त्याचे उत्तर आले. आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी 67.5 टक्के. त्यानंतर जगभरातल्या शल्यचिकित्सकांचे हात या अभ्यासाच्या आधाराने चालू लागले. प्राधान्यक्रम बाहेरूनच आपल्याकडे यावेत असे नाही, ते इथूनही बाहेर गेले आहेत, हे मला या निमित्ताने सांगावेसे वाटते.

तरीही एक अडचण सांगितली पाहिजे. तुम्ही बॅटरीने चट्टा शोधला आणि तुकडा काढून तपासण्याची सोय तालुक्यात नसेल, तर ती काकी पुन्हा पाच महिने गोळ्याच खाईल. तुकडा काढायला दहा मिनिटे लागतात, जागा बधिर केली की पुरते. तो पॅथॉलॉजिस्टकडे पाठवण्याची आणि अहवाल रुग्णापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी मात्र एका ठरलेल्या माणसावर हवी. शाळेच्या ताईंचे म्हणणेही मी मान्य करतो, आणि ओहोटी मॅडमनी मुलांच्या भुलेबद्दल केलेली दुरुस्ती मला मान्य आहे. मी ‘प्रत्येक जिल्ह्यात’ असे लिहिले ते मोठ्या माणसांपुरते धरावे.

सुरंगी यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री आम्ही चौघींनी बसून मसुदा पुन्हा लिहिला. पहिली मागणी आता अशी आहे: तीन जिल्ह्यांसाठी मिळून मुलांच्या श्वासमार्गाची चोवीस तास सेवा, भूलतज्ज्ञांच्या भरलेल्या पदांसह, आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात गळ्यात नळी बसवता येण्याइतके प्रशिक्षण व साहित्य. दुसरी: तोंड तपासणे हे आशाताईंच्या नेहमीच्या कामात घेऊन त्याचा मोबदला देणे आणि तुकडा तपासण्याची तालुका पातळीवरची सोय. तिसऱ्या मागणीवरून आमच्यात बराच वाद झाला. शेवटी नवजात बाळांची श्रवणचाचणी आणि शाळकरी मुलांच्या वाहत्या कानांसाठी महिन्यातून दोन ठरलेले शस्त्रक्रियेचे दिवस, हे दोन्ही एकाच ओळीत घातले. ही चौथी मागणी तिसरीत लपवली असे कुणी म्हणेल, तर म्हणू दे.

एक बारीकसा प्रश्न राहिला. शस्त्रक्रियेचा दिवस येईपर्यंत कान कोरडा ठेवायला आम्ही आयांना काय सांगावे? गावात अजून लसूण घालून तापवलेले खोबरेल कानात ओततात.

करूळघाट यांचे उत्तर

तेल अजिबात नको, कोमटही नको. स्वच्छ कापूस घेऊन तो बोटांत वळून टोकाला मऊ, फुगीर राहील अशी वात करावी. काडी वापरू नये. मुलाला मांडीवर आडवे घेऊन कानाची पाळी हलकेच मागे ओढावी, वात आत अलगद ठेवावी, ओली झाली की हळूच फिरवून काढावी आणि नवी ठेवावी. वात कोरडी निघेपर्यंत हे करत राहावे, मग डॉक्टरांनी दिलेले थेंब घालून कानाच्या पुढचा उंचवटा चार-पाच वेळा दाबावा, म्हणजे औषध आत उतरते. नंतर बोळा घालून कान बंद करू नये. अंघोळीच्या वेळी मात्र व्हॅसलीन लावलेला कापूस बाहेरून लावावा, आणि कान बरा होईपर्यंत खाडीत डुंबायला जाऊ देऊ नये. चेहरा एका बाजूला वाकडा झाला, कानामागे सूज आली किंवा ताप येऊन डोके सारखे दुखू लागले, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी मुलाला घेऊन यावे.